पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर काय अपेक्षित, काय धोक्याचे : रुग्ण आणि घरच्यांसाठी मार्गदर्शक

दृष्टिपटल, म्हणजे आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो तो, मागच्या भिंतीपासून सुटला की शस्त्रक्रियेला उशीर परवडत नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. शस्त्रक्रिया होऊन घरी आल्यानंतर काय काय होऊ शकते हे मात्र सुट्टीच्या गडबडीत घाईने सांगितले जाते, आणि डोळ्याला पट्टी व मनात धास्ती असलेल्या माणसाच्या ते फारसे लक्षात राहत नाही. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत पडद्याचे तज्ज्ञ सांगली, मिरज, सातारा, कराड अशा मोजक्या शहरांत बसतात. जत, आटपाडी, माण, खटाव इथल्या किंवा पाटणच्या डोंगरी वाड्यांतल्या रुग्णाला एका तपासणीसाठी अख्खा दिवस मोडावा लागतो. त्यामुळे कोणती तक्रार ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू शकते आणि कोणती घेऊन त्याच रात्री निघायला हवे, हे घरच्या निदान एका माणसाला नेमके माहीत असणे गरजेचे आहे. ते ठरवताना दोन प्रश्न सर्वांत उपयोगी पडतात : तक्रार शस्त्रक्रियेनंतर कितव्या दिवशी सुरू झाली, आणि ती दिवसागणिक उतरते आहे की वाढते आहे. पुढची मांडणी याच क्रमाने केली आहे.

सुट्टी घेण्यापूर्वी : कार्डावर काय लिहून घ्यावे

पडदा बसवण्याच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत. ज्या छिद्रामुळे पडदा सुटला ते लहान आणि वरच्या भागात असेल तर डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडून छिद्राभोवती लेसर किंवा अतिशीत उपचार करतात. या पद्धतीला फार चिरफाड लागत नाही. दुसऱ्या पद्धतीत डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या आवरणावर सिलिकॉनची पट्टी शिवून भिंत आतल्या बाजूला दाबली जाते, म्हणजे ती सुटलेल्या पडद्याच्या जवळ येते; हिला बकल म्हणतात. तिसरी आणि आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत व्हिट्रेक्टॉमीची. तीत डोळ्याच्या पोकळीतला जेलीसारखा काचद्रव काढून टाकतात, पडदा सपाट करून छिद्रांभोवती लेसर करतात आणि पडदा दाबून धरण्यासाठी आत वायू किंवा सिलिकॉन ऑइल भरतात. काही रुग्णांत बकल आणि व्हिट्रेक्टॉमी दोन्ही कराव्या लागतात. या प्रत्येकीच्या गुंतागुंती वेगळ्या असल्यामुळे ‘पडद्याचे ऑपरेशन झाले’ एवढी माहिती पुढच्या डॉक्टरला पुरत नाही.

म्हणून सुट्टीच्या कार्डावर शस्त्रक्रियेचे नाव आणि तारीख, कोणत्या डोळ्याची ती झाली, आत वायू आहे की ऑइल, वायू असल्यास कोणता, डोके कोणत्या स्थितीत आणि किती दिवस ठेवायचे, सुट्टीच्या दिवशी डोळ्याचा दाब किती होता आणि रात्री कोणत्या क्रमांकावर बोलायचे, हे स्पष्ट अक्षरात लिहून घ्यावे व त्याचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. शस्त्रक्रियेपूर्वी पीतबिंदू, म्हणजे बारकावे दाखवणारा पडद्याचा मधला भाग, सुटला होता की जागेवर होता हेही विचारावे. नजर किती परतेल याचा अंदाज त्यावरच बांधला जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील आणि आत ऑइल भरले असेल, तर ते काढण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी नवी मंजुरी लागेल का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून निघण्याआधीच समजून घ्यावे, कारण काही महिन्यांनी कागद गोळा करताना हीच गोष्ट अडते.

पहिले तीन दिवस : दुखणे आणि डोळ्याचा दाब

शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल होणे, पापणी सुजणे, खुपल्यासारखे वाटणे, पाणी येणे आणि उजेड सहन न होणे हे अपेक्षित आहे. बकल बसवले असेल तर स्नायूंना धक्का लागलेला असल्यामुळे दुखणे जरा जास्त असते आणि डोळा फिरवताना ठणका लागतो. हे दुखणे साध्या वेदनाशामक गोळीने आटोक्यात यावे आणि रोज थोडे थोडे कमी व्हावे. मधुमेही रुग्णांत पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, वरचा पातळ थर सोलवटला गेल्याने पहिले काही दिवस बोचल्यासारखे जास्त वाटते. तो थर भरून यायला त्यांना वेळही अधिक लागतो.

या दिवसांतली सर्वांत महत्त्वाची गुंतागुंत म्हणजे डोळ्याचा दाब वाढणे. निरोगी डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा असतो. आत सोडलेला वायू प्रसरण पावणारा असेल, ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरले गेले असेल किंवा आत सूज व रक्त साचून पाण्याचा निचरा अडला असेल, तर दाब काही तासांतच खूप वर जाऊ शकतो. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू शुद्ध स्वरूपात सोडल्यास पहिल्या एक-दोन दिवसांत आकाराने सुमारे दुप्पट होतो आणि परफ्लुरोप्रोपेन तीन दिवसांत सुमारे चौपट. म्हणूनच व्हिट्रेक्टॉमीत हे वायू हवेत मिसळून, न फुगणाऱ्या प्रमाणात वापरतात. तरीही दुसऱ्या दिवशीची तपासणी मुख्यतः दाब पाहण्यासाठी असते. ‘डोळा तर बरा आहे, कशाला हेलपाटा’ असे म्हणून ती टाळू नये.

दाब वाढल्याची खूण म्हणजे भुवईवर आणि त्या बाजूच्या कपाळात खोल, ठणकणारे दुखणे, गोळी घेऊनही न थांबणारे, आणि सोबत मळमळ किंवा उलटी. इथे आपल्याकडे हमखास एक घोळ होतो. डोके दुखून उलटी झाली म्हणजे पित्त झाले असे घरचे ठरवतात, पित्ताची गोळी व कोकमाचे सरबत देतात आणि रुग्णाला उताणा निजवतात. आत वायू असताना उताणे झोपल्याने तो बुडबुडा पुढे सरकून नैसर्गिक भिंग आणि कनीनिका, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत भाग, पुढे ढकलतो, निचऱ्याची वाट आणखी बंद होते आणि दाब अधिकच चढतो. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यात झालेली उलटी, अन्य कारण सिद्ध होईपर्यंत, डोळ्याचीच समजावी आणि त्याच वेळी फोन करावा. मूळ रुग्णालय दूर असेल तर जवळच्या कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे निदान दाब मोजून घेता येतो. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येथे नेत्रविभाग आहेत. मोजलेला आकडा मूळ डॉक्टरांना फोनवर सांगितला की पुढचा निर्णय लवकर होतो.

दाब उतरवण्यासाठी थेंबांबरोबर असेटाझोलामाइडची गोळी दिली तर बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते. हे औषधाचे नेहमीचे परिणाम आहेत. मात्र सल्फा औषधांची ॲलर्जी, मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ती घेण्यापूर्वी सांगायलाच हवे.

याउलट दाब फार कमी होणेही शक्य असते. टाके न घालता ठेवलेल्या बारीक छेदांतून द्रव पाझरला तर डोळा मऊ पडतो, नजर धूसर होते आणि पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर फुगू शकतो. हे बहुधा काही दिवसांत आपोआप सावरते. घरी याची ठळक खूण दिसत नाही, त्यामुळे डोळा दाबून पाहण्याचा प्रयोग कोणी करू नये. ते तपासणीतच कळते.

दुसरा ते सातवा दिवस : जंतुसंसर्ग

डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणे दुर्मीळ आहे. व्हिट्रेक्टॉमीनंतर हे प्रमाण हजारात एकाहूनही कमी असते. पण झाला तर तासांचा हिशोब ठेवावा लागतो, कारण उशीर झाल्यास नजर कायमची जाऊ शकते. आधी कमी होत चाललेले दुखणे पुन्हा उलटून वाढू लागणे, लाली आणि पापणीची सूज एकाएकी वाढणे, घट्ट चिकट स्राव येणे आणि दिसणे झपाट्याने कमी होणे, अशी त्याची चाल असते. वर म्हटलेले ‘उतरते की वाढते’ हे माप इथे सर्वांत उपयोगी पडते. अशा वेळी उपाय म्हणजे डोळ्यात प्रतिजैविकाची इंजेक्शने देणे किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करणे. घरचे थेंब वाढवून काही साधत नाही.

थेंब घालण्याची साधी शिस्त संसर्गाची शक्यता कमी करते. हात साबणाने धुवावेत, खालची पापणी ओढून तयार झालेल्या खाचेत एकच थेंब सोडावा, बाटलीचे टोक पापणीला किंवा पापणीच्या केसांना लागू देऊ नये आणि दोन वेगवेगळ्या औषधांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. डोक्यावरून आंघोळ, नदीचे किंवा विहिरीचे पाणी, हळदीच्या गोदामातली धूळ, गुऱ्हाळाचा धूर आणि तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांतली फवारणी यांपासून डॉक्टर सांगतील तोपर्यंत डोळा लांब ठेवावा. रात्री झोपेत हात जाऊ नये म्हणून प्लास्टिकची जाळीदार ढाल चिकटवतात. ती त्रासदायक वाटली तरी लावावी.

डोके सांगितलेल्या स्थितीत ठेवण्याचे दिवस

वायू वर चढतो, एवढ्या एका गोष्टीवर हा सगळा उपचार उभा आहे. डोळ्यातला बुडबुडा ज्या भागाला टेकतो तिथे द्रव छिद्रातून मागे जाऊ शकत नाही, आणि लेसरचा किंवा अतिशीत उपचाराचा व्रण पक्का होईपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, छिद्र असे झाकलेले राहणे आवश्यक असते. म्हणून स्थिती छिद्राच्या जागेवरून ठरते. वरच्या छिद्राला ताठ बसणे पुरते, बाजूच्या छिद्राला विशिष्ट कुशीवर झोपावे लागते आणि मागच्या भागातल्या छिद्राला मान खाली घालून राहावे लागते. शेजारच्या गावातल्या कोणाला पालथे झोपवले होते म्हणून आपणही तसेच झोपणे चुकीचे आहे. स्थिती पाळली नाही तर छिद्र उघडे पडून पडदा पुन्हा सुटू शकतो, आणि उताणे झोपल्याने वायू भिंगाला चिकटून मोतीबिंदू लवकर वाढतो.

मान खाली ठेवायची असेल तर घरात दोन जागा तयार कराव्यात. दिवसा बसण्यासाठी एक टेबल आणि त्यावर उशी. दोन्ही हातांची घडी घालून कपाळ त्यांवर टेकवता येते. रात्री झोपण्यासाठी जमिनीवर गादी, छातीखाली गुंडाळलेली गोधडी आणि कपाळाखाली टॉवेलची जाड चुंबळ. चुंबळीच्या पोकळीत नाक-तोंड मोकळे राहते आणि शस्त्रक्रियेच्या डोळ्यावर भार येत नाही. डोळ्यावर थेट दाब येता कामा नये, ही इथली कडक अट आहे. जेवण, शौच आणि थेंब यांसाठी तासातून पाच-दहा मिनिटे उठण्याची मुभा बहुतेक डॉक्टर देतात. दिवसभर नेमाने राहून झोपेत उताणे होणारे पुष्कळ असतात. सदऱ्याच्या पाठीला आतून एक चेंडू शिवून टाकला की माणूस आपोआप कुशीवर वळतो, ही युक्ती हास्यास्पद दिसते पण चालते.

या स्थितीच्या स्वतःच्याही तक्रारी असतात. मान आणि कंबर आखडते हे सर्वांना कळते. कोपरावर तासन्‌तास भार दिल्याने करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, हे मात्र उशिरा लक्षात येते. कोपराखाली मऊ घडी ठेवावी आणि हात बदलत राहावे. पाय हलवले नाहीत तर पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. दर तासाला घोटे वर-खाली करावेत, आणि एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर डोळ्याचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. मधुमेहाच्या रुग्णांचे जेवण आणि औषधाच्या वेळा या दिवसांत पुढे-मागे होऊ देऊ नयेत.

वायू आत असताना घाट, विमान आणि भूल

आपल्या जिल्ह्यांपुरता हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि सुट्टीच्या वेळी तो ‘विमानाने जाऊ नका’ एवढ्या एका वाक्यात आटोपला जातो. आपल्याकडचा शेतकरी विमानाने जाणार नसतो, म्हणून ते वाक्य त्याला लागू नाही असे त्याला वाटते. पण बंदी विमानाला नसून उंचीला आहे. उंचावर हवेचा दाब कमी होतो, आणि बंद पोकळीतला वायू त्या प्रमाणात फुगतो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. एवढे चढताना हवेचा दाब सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. डोळ्याची पोकळी जेमतेम चार मिलिलिटरची. ती वायूने जवळपास भरलेली असेल तर एवढ्या फुगण्याला आत जागाच नसते, आणि डोळ्याचा दाब वाढून दृष्टीच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. विमानाच्या केबिनमधला दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो, म्हणून तिथे धोका आणखी मोठा.

मिरजेत किंवा साताऱ्यात शस्त्रक्रिया करून पाचगणी-महाबळेश्वरच्या घरी परतणाऱ्या रुग्णाने हे शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच डॉक्टरांना सांगावे. वाईहून पसरणीचा घाट चढताना अर्ध्या तासाच्या आत सहाशेच्या आसपास मीटर उंची गाठली जाते, आणि डोळ्याला सावरायला वेळ मिळत नाही. अशा रुग्णाची सोय वाई किंवा सातारा इथल्या नातेवाइकांकडे वायू विरेपर्यंत करता येते. ते शक्य नसेल तर डॉक्टर कमी दिवस टिकणारा वायू किंवा ऑइल यांचा विचार करू शकतात. कास पठारावर फिरायला जाणे, किंवा कोकणात शस्त्रक्रिया करून कुंभार्ली घाटाने वर येणे, यांनाही हाच नियम लागू आहे. उलट घाट उतरून खाली गेल्यास बुडबुडा आकसतो आणि डोळ्याचा दाब काही काळ उतरतो. हे चढण्याइतके घातक नसले, तरी विचारूनच जावे. घाटात असतानाच दुखू लागले आणि दिसणे काळवंडले तर गाडी वर न नेता खाली वळवावी.

ही बंदी किती दिवस, ते वायूवर अवलंबून आहे. नुसती हवा आठवडाभरात विरते, सल्फर हेक्झाफ्लोराइड साधारण दोन आठवड्यांत आणि परफ्लुरोप्रोपेन सहा ते आठ आठवड्यांत. दिवस मोजून स्वतःच निर्णय घेऊ नये. बुडबुडा पूर्ण गेला हे डॉक्टरांनी डोळा पाहून सांगितल्यावरच घाट चढावा. आत ऑइल असणाऱ्यांना उंचीचे हे बंधन नाही.

भुलीच्या वेळी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू रक्तातून डोळ्यातल्या बुडबुड्यात शिरतो आणि तो झपाट्याने फुगवतो. या काळात अपघात झाला, हाड मोडले, दाताची किंवा प्रसूतीची शस्त्रक्रिया ठरली, तर भूलतज्ज्ञाला डोळ्यातल्या वायूची माहिती मिळालीच पाहिजे. रुग्णालयाने मनगटावर पट्टी बांधली असेल तर ती वायू जाईपर्यंत काढू नये. दिली नसेल तर मागून घ्यावी.

दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत : पडदा पुन्हा सुटणे

एका शस्त्रक्रियेत पडदा कायमचा बसण्याचे प्रमाण साधारण दहापैकी आठ ते नऊ रुग्णांत असते. उरलेल्यांना दुसरी, क्वचित तिसरी शस्त्रक्रिया लागते. पडदा पुन्हा सुटला म्हणजे डॉक्टरांचे चुकले किंवा रुग्णाने पथ्य मोडले असे दर वेळी नसते. नवे छिद्र पडू शकते, जुने छिद्र पुन्हा उघडू शकते. पण अपयशाचे सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे. छिद्रातून बाहेर पडलेल्या पेशी पडद्याच्या पृष्ठभागावर रुजतात, तिथे व्रणासारख्या पातळ पापुद्र्या तयार करतात आणि या पापुद्र्या आकसताना पडद्याला सुरकुत्या पाडून ओढून काढतात. पडदा फार दिवस सुटलेला असणे, छिद्र मोठे असणे, आत रक्तस्राव झालेला असणे किंवा आधीची शस्त्रक्रिया अयशस्वी होणे, यांनी ही शक्यता वाढते. ही प्रक्रिया बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसून येते, म्हणून ‘आता काही त्रास नाही’ असे वाटण्याच्या काळातच तपासण्या ठरवलेल्या असतात. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू असेल तर नेमकी हीच तारीख हुकते.

वायू असलेल्या रुग्णाला सुरुवातीला हलत्या उजेडापलीकडे काही दिसत नाही. मग वरच्या बाजूने दिसू लागते आणि नजरेत एक आडवी रेघ येते, जी गवंड्याच्या पाणसळीप्रमाणे डोके कसेही तिरके केले तरी आडवीच राहते. ही रेघ दिवसेंदिवस खाली उतरते, शेवटी बुडबुडा गोल होऊन खाली डुगडुगतो, कधी त्याचे बारीक तुकडे होतात आणि तो नाहीसा होतो. या सर्वांत घाबरण्यासारखे काही नाही. पण नजरेच्या एका कडेने काळी किंवा करडी सावली आली, ती डोके हलवल्याने जागा बदलत नसेल आणि रोज मध्याकडे सरकत असेल, तर पडदा पुन्हा सुटत आहे असे समजून त्याच दिवशी निघावे. नव्याने चमका येणे किंवा काळ्या ठिपक्यांचा अचानक वर्षाव होणे यालाही तोच नियम.

बुडबुडा गेल्यावर रोज सकाळी एक लहानशी तपासणी घरी करता येते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर ठरावीक अंतरावर बसावे, दुसरा डोळा तळहाताने झाकावा, मधल्या तारखेकडे पाहत चारही कोपरे दिसतात का हे नोंदवावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिल्यास चांगला डोळा उणीव झाकून टाकतो आणि पंधरा-पंधरा दिवस काही कळत नाही.

याच काळात आणखी एका गोष्टीवर लक्ष हवे. सूज उतरवण्यासाठी दिलेले स्टिरॉइडचे थेंब काही लोकांत दोन-तीन आठवड्यांनंतर डोळ्याचा दाब वाढवतात, आणि या वेळी दुखत नाही. डोळा थोडा लाल वाटला म्हणून औषधाच्या दुकानातून तीच बाटली पुन्हा पुन्हा आणणारे रुग्ण यामुळे काचबिंदूच्या वाटेला लागतात. थेंब सांगितलेल्या क्रमाने कमी करत जावेत. मधेच सोडू नयेत आणि स्वतःहून वाढवूही नयेत.

सिलिकॉन ऑइल भरले असेल तर

ऑइल आपोआप विरत नाही, ते काढावे लागते. सर्वसाधारणपणे तीन ते सहा महिन्यांनी, पडदा पक्का बसल्याची खात्री झाल्यावर. ते आत असेपर्यंत चष्म्याचा नंबर खूप बदललेला असतो आणि नजर धूसर राहते. ‘एवढे दिसते ते पुरे, पुन्हा टेबलावर कशाला’ असे म्हणून वर्षानुवर्षे न परतणारे रुग्ण कमी नाहीत, आणि माझ्या मते या शस्त्रक्रियेतली सर्वांत टाळता येण्याजोगी हानी हीच आहे. फार काळ राहिलेले ऑइल फुटून त्याचे सूक्ष्म थेंब होतात, ते निचऱ्याच्या जाळीत अडकून काचबिंदू होतो, बुबुळाच्या पुढच्या भागात आल्यास पारपटलावर पांढरट पट्टा धरतो, आणि मोतीबिंदू तर बहुतेकांना होतोच. काही गुंतागुंतीच्या डोळ्यांत ऑइल कायम ठेवण्याचा निर्णय डॉक्टर जाणीवपूर्वक घेतात. तेव्हाही दाबाची तपासणी चालूच ठेवावी लागते. ऑइल काढल्यानंतर काही जणांचा पडदा पुन्हा सुटतो, म्हणून त्यानंतरचे पहिले काही आठवडे वर सांगितलेली घरची तपासणी नव्याने सुरू करावी. डोक्याचे सीटी स्कॅन करण्याची वेळ आली तर ऑइल असल्याचे आधी सांगावे, कारण चित्रात ते रक्तस्रावासारखे दिसू शकते.

बकल बसवले असेल तर

बकलची पट्टी बहुधा आयुष्यभर आत राहते आणि तिचा त्रास होत नाही. डोळ्याची लांबी किंचित वाढल्यामुळे उणे नंबर वाढतो. नवा चष्मा साधारण तीन महिन्यांनी, नंबर स्थिरावल्यावर करावा. एकाच्या दोन वस्तू दिसणे सुरुवातीला होते आणि बहुधा ओसरते. टिकून राहिले तर चष्म्यात प्रिझम घालून किंवा स्नायूंच्या शस्त्रक्रियेने दुरुस्त करतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही डोळा सारखा लाल राहणे, पू येणे, बोचणे असे सुरू झाले तर पट्टी उघडी पडली आहे किंवा तिला संसर्ग झाला आहे का, ते पाहावे लागते. अशा वेळी ‘डोळे आले’ म्हणून नुसते थेंब घालत बसू नये.

पुढची दोन वर्षे : मोतीबिंदू आणि नजरेचा प्रश्न

पन्नाशीनंतर व्हिट्रेक्टॉमी झालेल्या बहुतेक रुग्णांना दोन वर्षांच्या आत त्या डोळ्यात मोतीबिंदू होतो. त्याला अपयश म्हणायचे कारण नाही. त्याची शस्त्रक्रिया होते आणि नजर सुधारते. मात्र काचद्रव काढलेल्या डोळ्यात भिंगामागचा आधार कमी झालेला असतो, आणि आत ऑइल असेल तर भिंगाच्या नंबराचे गणितही वेगळे करावे लागते. म्हणून अशा डोळ्याचा मोतीबिंदू गावातल्या शिबिरात, जुने कार्ड न दाखवता, काढून घेऊ नये.

पडदा उत्तम बसला तरी नजर पूर्वीसारखी होईलच असे नाही. पीतबिंदू सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली असेल तर मधली नजर बहुधा टिकते. तो सुटला असेल तर नजर हळूहळू, काही महिने ते वर्षभर, सुधारत राहते आणि कुठे तरी थांबते. सरळ रेघा वाकड्या दिसणे, दोन डोळ्यांत वस्तूचा आकार लहान-मोठा वाटणे ही तक्रार अनेकांना उरते. आधी सुधारलेली नजर पुन्हा खालावली आणि रेघा जास्त वाकड्या दिसू लागल्या, तर पीतबिंदूवर सूज किंवा पातळ पापुद्रा आला आहे का हे ओसीटी या पडद्याच्या थरांचे चित्र घेणाऱ्या तपासणीत कळते आणि दोन्हींवर उपचार आहेत. खोलीचा अंदाज बिघडलेला असल्यामुळे दुचाकी, ट्रॅक्टर, कोयता आणि विहिरीच्या पायऱ्या यांच्याबाबतीत पहिले काही महिने घाई करू नये. जड ओझी व ऊसतोड कधी सुरू करायची हे शस्त्रक्रियेच्या प्रकारावरून डॉक्टरच ठरवतील.

दुसरा डोळा

एका डोळ्याचा पडदा छिद्र पडून सुटलेल्यांपैकी सुमारे १० टक्के लोकांच्या दुसऱ्या डोळ्यातही कधी ना कधी तसे घडते, आणि मोठा उणे नंबर असणाऱ्यांत ही शक्यता अधिक असते. त्यामुळे प्रत्येक तपासणीत बाहुली मोठी करून दुसरा डोळाही कडेपर्यंत पाहून घ्यावा. कमकुवत जागा किंवा छिद्र वेळेवर सापडले तर बाह्यरुग्ण विभागात लेसर करून भागते. शस्त्रक्रिया न झालेला डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना आणि दिसणे कमी झाले, तर पहिल्या डोळ्यावरील शस्त्रक्रियेमुळे शरीराची प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर उलटण्याचा एक अतिशय दुर्मीळ प्रकार असू शकतो. तो वर्षांनंतरही उद्भवू शकतो, म्हणून त्या वेळी भेटणाऱ्या डॉक्टरला जुन्या शस्त्रक्रियेचे कार्ड दाखवावे. भाऊ-बहीण किंवा मुले यांना मोठा उणे नंबर असेल तर त्यांचेही पडदे एकदा बाहुली मोठी करून तपासून घ्यावेत. त्या दिवशी काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नये.